बॉम्बर कमांडमध्ये उडालेल्या नातलगाची सेवा-नोंद कशी मागवावी

घरातल्या जुन्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धातलं लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) सापडलं, तर ते आधी जपून बाजूला ठेवा. युद्धानंतर कुणी मागायलाच न आलेली बहुतेक लॉगबुकं 1960 च्या सुमारास नष्ट केली गेली, नमुन्यादाखल थोडीच राखली. म्हणजे तुमच्या हातातल्या वहीची दुसरी प्रत कुठलंही कार्यालय देणार नाही. बाकीचे कागद मात्र मागवता येतात.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बफेकी विभागात, विमानांतून उडणारे सुमारे 1,25,000 जण होते, त्यांतले 55,573 गेले. त्यात आपलीही माणसं होती. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर 83 स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर या सात जणांच्या बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर (दिशादर्शक) होते, त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. ज्या आर 5868 विमानातून ते मोहिमांवर गेले, ते आज लंडनमध्ये हेंडनच्या संग्रहालयात उभं आहे.

अर्जाआधी एवढं नक्की करा: माणूस रॉयल एअर फोर्सचा होता की भारतीय हवाई दलाचा? ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये उडणारा माणूसही भारतीय हवाई दलाचा असू शकतो. पदकाचं पत्र, ओळखपत्र, पाकीट यांवर नावापुढची अक्षरं (RAF की IAF) आणि सेवा क्रमांक बघा. क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं.

ब्रिटिश नोंदी, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या माणसांच्या, ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडून लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे टप्प्याटप्प्याने हलवल्या जात आहेत. म्हणून आधी आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन सूचीत नाव शोधा. तिथे नसेल तर मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज. अर्ज कुणीही करू शकतो, पण निकटच्या वारसाला किंवा त्याची लेखी संमती असणाऱ्याला जास्त माहिती मिळते. मृत्यूला 25 वर्षं उलटली असतील तर संमतीवाचूनही बरंच कळतं. पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवा क्रमांक आणि मृत्यू दाखला लागतो. सेवेत असतानाच मृत्यू झाला असेल तर दाखल्याची गरज नाही. इंग्रजी कागदांत आडनावाचं स्पेलिंग वेगळं पडलेलं असतं, तेव्हा जी जी रूपं ठाऊक आहेत ती सगळी अर्जात लिहा.

हाती येणारा कागद रुक्ष असतो: तारखा, बदल्या, बढत्या. पुष्कळ जण इथेच निराश होऊन थांबतात. थांबू नका! त्यातलं स्क्वाड्रन आणि तारखा उचला आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या ‘एआयआर 27’ मालिकेत जा. तिथे प्रत्येक स्क्वाड्रनची रोजची मोहीम-नोंदवही आहे, ती डाउनलोड करता येते. एकेका रात्रीचं पान उघडलं की विमानाचा क्रमांक, सातही जणांची नावं, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ. न परतलेल्या विमानापुढे उतरल्याची वेळ कोरी असते आणि शेजारी एखादीच ओळ, की उड्डाणानंतर काही कळलं नाही. आजोबांचं नाव अशा कोऱ्या चौकटीच्या वरच्या ओळीत दिसलं, की ते त्या रात्रींबद्दल घरात का बोलत नसत, हे कुणी सांगावं लागत नाही.

जखमी झालेल्यांची, बेपत्ता झालेल्यांची फाइल ‘एआयआर 81’मध्ये सापडू शकते. कबर नसलेल्यांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर आहेत.

2013 मध्ये सुरू झालेली बॉम्बर कमांडची पदकपट्टीही (पदकाच्या फितीवर लावायची पट्टी, क्लॅस्प) मागता येते. 3 सप्टेंबर 1939 ते 8 मे 1945 या काळात किमान 60 दिवस नेमणूक किंवा मोहिमांची पूर्ण फेरी, आणि निदान एक प्रत्यक्ष मोहीम, ही अट. माणूस हयात नसेल तर वारस ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या पदक कार्यालयाकडे अर्ज करू शकतो. लॉगबुकाची प्रत जोडा.

लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या डिजिटल संग्रहात घरगुती कागदांच्या स्कॅन प्रती स्वीकारतात. फोटो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही करा. बाकीच्या सहा जणांची नावं बहुधा तिथेच, पेन्सिलीने लिहिलेली असतात.