कंडेन्सर मायक्रोफोन : मैफलीच्या ध्वनिमुद्रणातील तुलना

प्रत्यक्ष मैफलीत निरनिराळे कंडेन्सर माईक लावून त्यांच्या आवाजातला फरक पारखण्याची पद्धत. या माईकात धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर तबकडी मिळून विद्युतधारित्र होते. आवाजाने पडदा हलला की धारकता बदलते आणि त्यातून विद्युतसंकेत मिळतो. हे तत्त्व ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत वापरात आणले. या माईकला वीज लागते. आज सर्वत्र रूढ असलेला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्या तारेतूनच दिली जाणारी वीज) नॉयमान या जर्मन माईक-कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम ८४ या माईकसोबत आणला.

स्टुडिओत तेच वाक्य पुन्हा गाऊन घेता येते. ख्यालाच्या मैफलीत तीच तान तशीच पुन्हा येत नाही, म्हणून आधी एक माईक आणि मध्यंतरानंतर दुसरा, अशी तुलना फारशी उपयोगाची नाही. दोन्ही माईक शेजारी-शेजारी लावून एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रण करावे लागते. ऐकताना दोन्हींची पातळी सारखी करणे तितकेच गरजेचे, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला माईक कानाला हटकून ‘चांगला’ वाटतो. अंतराचाही घोळ असतो: गाणाऱ्याच्या तोंडापासून १० सेंटिमीटरवरचा माईक २० सेंटिमीटरवर नेला, तर थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माईकांच्या नावावर खपणारे बरेच फरक खरे तर जागेचे असतात.

खरा फरक बहुधा समोरच्या आवाजात कमी आणि बाजूने येणाऱ्या आवाजात जास्त असतो. साधारण २५ मिलिमीटर पडद्याच्या मोठ्या माईकचा स्वतःचा खरखराट कमी असतो आणि गळा भरदार वाटतो, पण तिरप्या दिशेने आलेल्या वरच्या पट्टीतल्या आवाजाचा रंग तो जास्त बदलतो. बैठकीत तबला, पेटी आणि तंबोरे हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे गाणाऱ्याच्या माईकात ते बाजूनेच शिरतात. तिथे छोट्या पडद्याचा माईक बरेचदा सरस ठरतो. नॉयमानच्या केएम १८४ या छोट्या पडद्याच्या माईकमध्ये ९ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित उठाव आहे. त्याने तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) खुलते, पण तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा, ‘ना’ हा बोल टोचू शकतो. डग्ग्याजवळ कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक नेला की खर्ज फुगतो. तो डग्ग्याचा गुण नव्हे, जवळिकीचा परिणाम. ऑम्नी (सर्व दिशांचा आवाज घेणाऱ्या) माईकमध्ये हा फुगवटा नसतो आणि सभागृहही मोकळे ऐकू येते. मात्र मंचावर मॉनिटर स्पीकर चालू असतील तर ऑम्नीत फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज पुन्हा माईकात शिरून शिट्टी वाजण्याचा) धोका वाढतो. मग ऑम्नीचा आवाज कितीही आवडला तरी कार्डिऑइडच लावावा लागतो.