बर्फाने सोडलेली खाडी

जुलै 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतला जोसेफ व्हिडबी अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करत होता. आज जिथे ग्लेशियर बेचं मुख आहे, तिथे त्याला थोडासा आत वळलेला किनारा आणि लगेच मागे बर्फाचा प्रचंड कडा दिसला. निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर 1879 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे ट्लिंगिट, वाटाड्यांसोबत तिथे गेला, तेव्हा बर्फ 50 किलोमीटरहून जास्त मागे सरकला होता. 1916 पर्यंत ही माघार 100 किलोमीटरच्या जवळ पोहोचली.

एवढ्या वेगाचं कारण फक्त उष्णता नव्हे. समुद्रात उतरणारी हिमनदी पुढे सरकताना दगडगोट्यांचा आणि गाळाचा बांध आपल्या पुढ्यात ढकलत नेते. त्या बांधाचा टेकू असतो, तोवर ती टिकते. थोडीशी मागे हटली की तिचं टोक खोल पाण्यात येतं आणि मोठमोठे हिमखंड तुटून पडू लागतात. मग ही पडझड उथळ जागा सापडेपर्यंत थांबत नाही. खाडीच्या मुखाशी तळ आजही उथळ आहे, तर आत पाणी 400 मीटरहून खोल जातं. भरती-ओहोटीचं पाणी या उथळ भागावरून जोरात घुसळून निघतं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि हंपबॅक देवमाशांना भरपूर खाद्य मिळतं. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे आसपासची जमीनही वर येते आहे, काही ठिकाणी वर्षाला सुमारे 3 सेंटीमीटर!

‘ग्लेशियर बे’ हे नाव 1880 मध्ये अमेरिकी नौदलातल्या लेस्टर बिअर्डस्लीने दिलं. आतल्या एका फाट्याला भूवैज्ञानिक हॅरी फील्डिंग रीडने आपल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव दिलं. अशा नावांतून नाव देणारा कळतो, जागा मात्र कळत नाही. मला ट्लिंगिट नावं कितीतरी मोलाची वाटतात. हूना ट्लिंगिट लोक इथे वस्ती करून होते, तेव्हा ही गवताळ दरी होती आणि तिचं नाव होतं ‘से शुयी’, म्हणजे हिमनदीच्या गाळाच्या टोकाची जागा. सतराव्या-अठराव्या शतकात हिमनदी पुढे आली आणि त्यांना गावं सोडावी लागली. बर्फ हटल्यावर, हिमखंडांनी भरलेल्या पाण्याला ते ‘खात्ल तू’, बर्फामधली जागा, म्हणू लागले. पुढे नाव झालं ‘सित ईती गीयी’: हिमनदीच्या जागी झालेली खाडी. दरी, हिमनदी, पाणी हा सारा क्रम लोकांनी डोळ्यांनी पाहिला आणि नावांत जपला. भूवैज्ञानिकांना गाळाच्या थरांत आणि बर्फाखाली गाडल्या गेलेल्या झाडांच्या खोडांत त्याचेच पुरावे मिळाले.

1925 मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक झाला, 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान. हूना लोकांचं सामुदायिक घर या खाडीतल्या बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर उभं राहायला मात्र 2016 साल उजाडलं.