स्नायूतल्या मूलपेशींना झोपवतं कोण?

राजगड उतरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरवत नाही. मग ग्रुपमधला कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "लॅक्टिक ॲसिड साचलंय, भरपूर पाणी पी." हा समज काही केल्या जात नाही. श्रम थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट तासा-दीड तासात पूर्वपदावर येतं. मांड्या ठणकतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतरणीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते, सूज येते, आणि दुखतं ते त्यामुळे.

किरकोळ इजा तंतू स्वतःच सांधतो. पण तंतू पार मोडून मेला तर? एकेका स्नायूतंतूत शेकडो केंद्रकं असतात, मात्र त्यातलं एकही पुन्हा विभागू शकत नाही. म्हणजे नवा तंतू घडवायला माल बाहेरूनच यायला हवा. तो कुठून येतो याचा धागा १९६१ साली सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. तंतूचं पटल आणि त्यावरचं आवरण यांच्या फटीत, चिमटीत धरल्यासारख्या चपट्या पेशी त्यांना दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. याच स्नायूच्या मूलपेशी (स्टेम सेल), म्हणजे विभागून नवा स्नायू घडवू शकणाऱ्या पेशी. पॅक्स-७ हे प्रथिन ही त्यांची ओळखखूण. २०११ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी उंदरांतून पॅक्स-७ असलेल्या पेशी काढून टाकून पाहिल्या, तेव्हा इजा झालेला स्नायू पुन्हा उभाच राहिला नाही.

एरवी या पेशी झोपलेल्या असतात. मला या विषयात सगळ्यात भुरळ पडते ती या झोपेची. कारण काम नाही म्हणून पेशी नुसती पडून आहे, असा हा प्रकार नाही. तिला झोपवून ठेवावं लागतं, सतत.

शेजारच्या तंतूच्या पृष्ठभागावर डेल्टासारखी प्रथिनं असतात. ती मूलपेशीच्या पटलावरच्या नॉच नावाच्या प्रथिनाला चिकटतात. चिकटल्यावर नॉचचा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात जातो, आरबीपीजे नावाच्या साथीदार प्रथिनाशी जोडी जमवतो, आणि ही जोडी स्नायू बनण्याचा कार्यक्रम दाबून ठेवते. २०१२ मध्ये उंदरांच्या मूलपेशींतून आरबीपीजे काढून टाकला गेला. कुठलीही इजा नसताना पेशी जाग्या झाल्या, आणि बहुतेक तर एकदाही न विभागता थेट स्नायू बनायला निघाल्या. साठा संपला. पुढे खरी इजा केली तेव्हा दुरुस्तीला कुणी उरलं नव्हतं.

झोपलेल्या पेशीत तयारी मात्र पूर्ण असते. स्नायू बनण्याच्या वाटेवरचं मिफ-५ हे प्रथिन बनवण्याचा आरएनए संदेश आधीच तयार असतो, पण एक छोटा आरएनए त्याला अडकवून ठेवतो. लिहून ठेवलेलं, पेटीत न टाकलेलं पत्रच जणू. इजा झाली की ही अडवणूक सुटते, मायोडी हे स्नायू बनण्याच्या वाटेवरचंच आणखी एक प्रथिन काही तासांत दिसू लागतं. पहिलं विभाजन व्हायला मात्र दिवसाहून जास्त वेळ लागतो. पुढची भराभर होतात. हैदराबादच्या सीसीएमबी आणि बंगळुरूच्या इनस्टेम या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांत ज्योत्स्ना धवन यांच्या गटाने या निद्रावस्थेवरच वर्षानुवर्षं काम केलं आहे.

स्टॅनफर्डमध्ये थॉमस रँडो यांच्या गटाने २०१४ मध्ये आणखी एक मौज दाखवली. उंदराच्या एका पायाला इजा केली आणि तपासला दुसरा, धडधाकट पाय. तिथल्या मूलपेशीही कूस बदलत होत्या: आकार वाढलेला, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया वाढलेले, विभाजन अजून नाही. या सावध अवस्थेतल्या पेशी पुढे लवकर विभागतात. निरोप रक्तातून जातो: एचजीएफ या वाढघटकाला सक्रिय करणारं विकर इजेनंतर रक्तात कामाला लागतं, एचजीएफ पेशीवरच्या सी-मेट ग्राहकाला बसतं आणि आत एमटॉर हा पेशीला वाढीला लावणारा संदेशमार्ग चालू होतो.

प्रतिकार पेशींचा भाग थोडक्यात सांगतो. मॅक्रोफेज या भक्षक पेशी आधी मेलेला मलबा उचलतात, दोन-तीन दिवसांत स्वभाव बदलून दुरुस्तीला मदत करू लागतात. हा बदल रखडला तर स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरते. म्हणजे सूज ही सरसकट शत्रू नाही.

आता वय. २००५ मध्ये रँडो यांच्याच गटाने म्हातारा आणि तरुण उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं. म्हाताऱ्याचा जखमी स्नायू चांगला भरून आला. तरुण उंदराच्या पेशींवर चमकणारी खूण होती, त्यामुळे हेही कळलं की त्या पेशी दुरुस्तीला जवळजवळ आल्याच नव्हत्या. काम केलं ते म्हाताऱ्याच्या स्वतःच्याच पेशींनी. बातम्यांनी यातून 'तरुण रक्ताने तारुण्य' काढलं, अमेरिकेत काही दवाखान्यांनी तरुणांचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) विकायला काढला, आणि २०१९ मध्ये एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेला सांगावं लागलं की याचा फायदा सिद्ध झालेला नाही. आपल्याकडे गुडघेदुखीपासून मेंदूच्या विकारांपर्यंत 'स्टेम सेल थेरपी'च्या जाहिराती करणारे वेगळे नाहीत. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूलपेशींचं ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं चाचणीच्या चौकटीतच करायचं आहे. जाहिरात करून पैसे घेणं त्या चौकटीत बसत नाही.

म्हातारपणी बिघडतं त्यातला एक भाग पुन्हा झोपेचाच आहे. म्हातारा तंतू एफजीएफ-२ हा वाढघटक जास्त सोडू लागतो. इजा नसतानाही काही मूलपेशींची झोप मोडते आणि त्या साठ्यातून कायमच्या कमी होतात. म्हाताऱ्या उंदरांत हा संदेश दाबून पाहिला, तेव्हा साठ्याची गळती थांबली.