विहीर-बोअरच्या पाण्यातली हार्मोन बिघडवणारी रसायनं : तपासणी कधी करावी, नमुना कसा घ्यावा

‘टीडीएस कमी आहे, मग अजून काय तपासायचं?’ असं आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत येणारे बरेच ग्राहक विचारतात. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं त्यावर दिसत नाहीत, आणि पाणी उकळूनही ती जातील असा भरवसा नाही.

सांडपाण्यातून येतं ते माणसांच्या-गुरांच्या मूत्रातलं इस्ट्राडिओल हे स्त्री-हार्मोन, गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिलइस्ट्राडिओल आणि काही डिटर्जंटांपासून बनणारं नॉनिलफिनॉल. प्लास्टिकमधून बिस्फेनॉल-ए, तर मका-उसाच्या रानातून अ‍ॅट्राझिन हे तणनाशक. मात्रा अत्यल्प असते, पण तेवढीही पुरते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधकांनी २००१ पासून सलग तीन उन्हाळे एका तळ्यात इथिनिलइस्ट्राडिओल सोडलं, लिटरमागे जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग). नर माशांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन बनू लागलं आणि लहान माशांची एक जात तिथून जवळपास संपली. मासे जन्मभर त्याच पाण्यात असतात, आपण नाही. तेव्हा घाबरू नका. पण घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर पाणी कुठून आणि कसं येतं हे माहीत हवंच.

आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. इस्ट्राडिओल आणि बिस्फेनॉल-एची मर्यादा त्यात नाही, म्हणून नेहमीच्या रिपोर्टात ती येत नाहीत. युरोपीय महासंघाने बिस्फेनॉल-एसाठी २.५ मायक्रोग्रॅम ठरवले आहेत. इस्ट्राडिओल १ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की लक्ष घालावं, असं तिथे धरतात.

तपासणी खर्चिक आहे, सरसकट करू नका. आधी नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिवाणू बघा. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर, कोलिफॉर्मही सापडले आणि शोषखड्डा जवळ आहे, तर सांडपाणी झिरपत असल्याची दाट शक्यता. आधी तो खड्डा दुरुस्त करा, हार्मोनची तपासणी त्यानंतर. अ‍ॅट्राझिनसाठी नमुना फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्यावा.

खरी गफलत होते ती नमुना घेताना. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही घेत नाही, कारण प्लास्टिकचाच अंश रिपोर्टात उतरू शकतो. आमच्याकडून तपकिरी काचेच्या बाटल्या न्या. त्यांत नमुना टिकवणारं औषध आधीच घातलेलं असतं, विसळू नका. गच्चीवरच्या टाकीतून नको. पंप दहा मिनिटं चालवून थेट बोअरच्या तोंडाशी भरा. हाताला क्रीम नको. सोबतच्या दुसऱ्या बाटलीत शुद्ध पाणी असतं. तिथेच ते आम्ही दिलेल्या रिकाम्या बाटलीत ओतून परत द्या; हाताळताना काही मिसळलं का, हे त्यावरून कळतं. सगळं बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

रिपोर्टात ‘आढळलं नाही’ असेल, तर शेजारी आमच्या यंत्राची किमान मोजमर्यादा छापलेली असते, ती वाचा. आढळलं, तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या फिल्टरने यातली बरीच रसायनं कमी होतात. मात्र कार्बन वेळेवर बदलावा लागतो. फिल्टर बसवल्यावर त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नमुने एकाच दिवशी द्या.