कॅडमियमवरचा जुना संशय

१८१७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्ट्रोमायर औषधविक्रेत्यांकडचा माल तपासत होते. जस्ताचं एक पांढरं चूर्ण तापवलं की पिवळट पडायचं. लोखंडाची भेसळ असणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यात लोखंड नव्हतंच. हाती लागला तो नवाच धातू, कॅडमियम. यातून किडनीचा कर्करोग होतो का, हा त्याच्यावरचा जुना संशय.

लोह, तांबं, जस्त शरीराला लागतं, भले कणभर का होईना. कॅडमियमचं मात्र माणसाच्या शरीरात काहीच काम नाही. तरीही १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारं एक प्रथिन सापडलं. पुढे त्याला मेटॅलोथायोनीन म्हणू लागले. हे प्रथिन खरं तर राखणदार: यकृतात ते धातूला जखडून ठेवतं. पण ही जोडगोळी रक्तातून किडनीत आली की तिथल्या सूक्ष्मनलिकांच्या पेशी ती चांगलं प्रथिन समजून परत शोषून घेतात. प्रथिन पचतं, धातू उरतो, आणि दहा-वीस वर्षांतही निम्माच कमी होतो. मूत्रपिंडाचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग याच नलिकांच्या पेशींतून उगवतो. संशयाचं मूळ इथे आहे.

किडनीला कॅडमियम इजा करतं, हे जपानमध्ये दिसून चुकलं होतं. तोयामा भागात खाणीचं सांडपाणी जिन्झू नदीत गेलं आणि तिथून भातखाचरांत. किडनी बिघडल्यामुळे बायकांची हाडं ठिसूळ होऊन साध्या हालचालीनेही मोडू लागली. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच आजाराचं नाव पडलं. सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणाचा आजार मानला. पण इजा वेगळी, कर्करोग वेगळा.

किडनीच्या कर्करोगाशी कॅडमियमचा संबंध सुचवणारा संशोधक कोलोनेल यांचा अभ्यास १९७६ सालचा. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवणाऱ्यांत, टाकलं, ते मुख्यतः फुप्फुसाच्या पुराव्यावर. किडनीबाबत आजही ‘संबंध दिसतो, पुरावा मर्यादित’ अशीच भाषा आहे, आणि ती मला रास्त वाटते. संशय इतर धातूंवरही आहे. शिशाने उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात. माणसांत चित्र तितकं स्पष्ट नाही. आर्सेनिकची (हा काटेकोरपणे धातू नव्हे) गोष्ट जास्त बोलकी. चिलीच्या आंतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात पिण्याच्या पाण्यात ते भरमसाट होतं. पाणी शुद्ध होऊ लागलं, तरी त्या भागात किडनीच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढे कित्येक वर्षं जास्तच राहिले.

कॅडमियमचा गुंता तंबाखूने वाढवला. हे झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या किडनीत ते साधारण दुप्पट सापडतं. धूम्रपान हे तर या कर्करोगाचं स्वतंत्र कारण आहेच. शिवाय किडनी बिघडली की लघवीतून जाणाऱ्या धातूचं प्रमाणही बदलतं, म्हणजे रुग्णाला तपासून मिळालेला आकडा आजाराआधीचा की आजारामुळेच बदललेला, हे ठरत नाही. म्हणून कधीच धूम्रपान न केलेल्यांचे आणि आजार होण्याच्या कित्येक वर्षं आधी घेऊन गोठवून ठेवलेले नमुने संशोधकांना मोलाचे वाटतात.