विंडसर दांपत्याची दोन घरं : बुलोन्यचा व्हिला आणि जिफची पाणचक्की

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या स्मारकाची कोनशिला नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने बसवली. हाच युवराज पुढे आठवा एडवर्ड झाला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, डिसेंबर १९३६ मध्ये, वॉलिस सिम्प्सन या घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी लग्न करता यावं म्हणून गादीवरून उतरला. त्यानंतर ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर म्हणून दोघांचं बहुतेक आयुष्य फ्रान्समध्ये गेलं.

त्यांच्या घराचे फोटो आजही सगळीकडे फिरतात आणि खाली एकच ओळ असते : ‘विंडसर दांपत्याचं पॅरिसचं घर’. पण अशी घरं दोन होती. एक पॅरिसच्या कडेला, बुलोन्यच्या जंगलातला व्हिला. दुसरं शहराबाहेर नैऋत्येला, जिफ-स्यूर-इव्हेत गावातली जुनी पाणचक्की, ‘मुलँ द ला त्युइलरी’. आठवड्यात एकीकडे, सुट्टीला दुसरीकडे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे गल्लत होते हे खरं. तरी दोन्ही घरांचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि तो कळला की या जोडप्याकडे पाहण्याची नजरही बदलते.

आधी व्हिला. तो त्यांच्या मालकीचा नव्हता. पॅरिस महापालिकेने तो नाममात्र भाड्याने दिला होता आणि १९५३ पासून ते तिथे राहिले. त्यांच्या आधी जनरल द गॉलही काही काळ त्याच घरात होते. सजावट जान्सन या नामांकित पेढीच्या स्तेफान बुदँ यांची. पुढे जॅकलिन केनेडींसाठी व्हाइट हाउसच्या दालनांचं कामही त्यांनीच केलं. आत शिरताच जिन्यापाशी ड्यूकचं ‘गार्टर’ या ब्रिटिश राजसन्मानाचं निशाण टांगलेलं असे. दिवाणखाना निळ्या-रुपेरी रंगात. ज्या टेबलावर राज्यत्यागाच्या कागदावर सही झाली, तेही याच घरात जपून ठेवलेलं. भिंतीवर राणी मेरीचं भव्य चित्र होतं. ही एडवर्डची आई. तिने या सुनेला कधीच आपलं म्हटलं नाही.

मला हे घर समजतं ते एका जुन्या सलामुळे. मे १९३७ मध्ये, लग्नाच्या तोंडावर, राजाज्ञा निघाली : ‘हिज रॉयल हायनेस’ ही पदवी ड्यूककडे राहील, पत्नीला मिळणार नाही. ड्यूकने ते कधी मनातून काढलं नाही. आपल्या घरातल्या नोकरचाकरांनी डचेसला राजघराण्याच्या मानानेच संबोधायचं, हा त्याचा आग्रह होता. लंडनने नाकारलेला दरबार त्याने भाड्याच्या घरात भरवला. चांदीची भांडी, फुलांच्या रचना, जेवणाच्या टेबलावरचा काटेकोरपणा ही सगळी डचेसची करामत, आणि तिने ती राणीच्या तोलाने निभावली.

पाणचक्की मात्र त्यांची स्वतःची. फ्रेंच चित्रकार एत्येन द्रियाँ यांच्याकडून १९५२ मध्ये विकत घेतलेली. दोघांनी मिळून मालकी हक्काने घेतलेलं हे एकमेव घर. नावाचा अर्थ ‘कौलभट्टीची पाणचक्की’. दगडी भिंती, जवळून वाहणारा मेरांतेझचा ओढा आणि ड्यूकचं खरं प्रेम असलेली बाग. रसेल पेज या नावाजलेल्या उद्यानरचनाकाराची मदत होती, पण ड्यूक स्वतः मातीत हात घालायचा. इंग्लंडमधल्या फोर्ट बेल्व्हेडिअर या त्याच्या आधीच्या घरी लागलेला हा नाद होता. ओढ्याकाठी त्याने इंग्रजी धाटणीचे फुलांचे वाफे केले. मायदेशाची आठवण काढायची ही त्याची रीत असावी, असं मला वाटतं. आत भडक रंग, लष्करी ढोलांची केलेली टेबलं. आणि भिंतीवर डचेसने रंगवून घेतलेली ओळ : मी गिरणीवाल्याची लेक नाही, पण गिरणीत भरडून मात्र निघाले आहे. दरबारी व्हिलात ही ओळ लिहिली गेली नसती.

कपड्यांतही हाच फरक शोधता येतो. व्हिलातल्या संध्याकाळी ड्यूक गडद निळ्या पोशाखात. काळ्यापेक्षा तो रंग दिव्याच्या उजेडात जास्त खुलतो, हे त्याने आधीच हेरलं होतं. पाणचक्कीवर मोठ्या चौकडीचे कोट आणि किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा. डचेसचा बाज दोन्हीकडे जवळपास सारखाच : कापडाला साधी, नेमकी बेतणी आणि त्यावर एकच ठसठशीत दागिना. १९४९ मध्ये कार्तियेकडून घेतलेला चित्त्याचा ब्रोच घ्या. त्यातला काश्मिरी नीलम दीडशे कॅरटहून मोठा आहे. बडोद्याच्या महाराणी सीतादेवींच्या तोड्यांतली रत्नं अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनमार्फत हार होऊन डचेसच्या गळ्यात आली, आणि एका मेजवानीत महाराणींनी ती ओळखली, अशीही गोष्ट सांगतात.

टायच्या गाठीचीही अशीच गल्लत झाली आहे. ‘विंडसर नॉट’ म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्याकडचे नवरदेव जी दुहेरी वेढ्याची गाठ शिकतात, ती ड्यूकची नव्हे. त्याने स्वतः तसं लिहून ठेवलं आहे. त्याची गाठ साधीच असायची. भरदार दिसायची, कारण टायच्या आत जादा जाड अस्तर शिवून घेतलेलं असे. लोकांनी फोटो पाहून वेढे वाढवले.

२८ मे १९७२ रोजी ड्यूक व्हिलात वारला. पाणचक्की विकली गेली. डचेस १९८६ पर्यंत, शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून, व्हिलातच राहिली. पुढे व्हिलातलं सामान फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघालं, राज्यत्यागाचं ते टेबलसुद्धा. पाणचक्कीच्या बागेत त्यांच्या लाडक्या पग कुत्र्यांच्या समाध्या आहेत. फोटोत त्या दिसल्या तर घर जिफचं.