ईटीसीत मोड आला म्हणजे एपीटीत आला असं होत नाही

दुर्बिणीवर नवीन इन्स्ट्रुमेंट यायचं ठरलं की कुणीतरी लगेच सांगतं, "प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट आलाय, कॅल्क्युलेटरमध्ये मोड दिसतोय, दुर्बिणीचा वेळ मागायचं प्रपोजल लिहायला घ्या." आणि परत तेच सांगायची वेळ येते की बाबांनो, कॅल्क्युलेटर वेगळा आणि प्लॅनिंग टूल वेगळं, एकात मोड (इन्स्ट्रुमेंट वापरायची एक ठरावीक पद्धत) दिसला म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही, आणि दोन्हीत असला तरी तुमचं ऑब्झर्वेशन होईलच असं तर मुळीच नाही. व्हीएलटी दुर्बिणीला ईटीसी हा कॅल्क्युलेटर आणि पी२ हे प्लॅनिंग टूल, जेमिनाय दुर्बिणींना आयटीसी आणि ऑब्झर्व्हिंग टूल, सगळीकडे हाच घोळ चालतो, पण मी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचं (तिथे कॅल्क्युलेटर म्हणजे ईटीसी आणि प्लॅनिंग टूल म्हणजे एपीटी) उदाहरण घेतो कारण तिथे फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो.

ईटीसी म्हणजे एक्स्पोजर टाइम कॅल्क्युलेटर, तो तुम्ही वापरलेला असणार. सोर्स किती तेजस्वी, फिल्टर कुठला, किती ग्रुप, किती इंटिग्रेशन (डिटेक्टर किती वेळा वाचायचा त्याचे आकडे) हे भरलं की सिग्नल-टू-नॉइज (एसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत खरा सिग्नल) किती मिळेल आणि डिटेक्टर सॅच्युरेट होईल का ते कळतं. एपीटी, म्हणजे अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स प्रपोजल टूल, यात ऑब्झर्वेशन बांधायचं आणि तेच पुढे शेड्यूलिंगला जातं. एक ब्राउझरमध्ये चालतं, दुसरं डाउनलोड करावं लागतं वगैरे फरक दोन दिवसांत अंगवळणी पडतात, ते सोडा.

खरी गोम ही आहे की ईटीसीला आकाश माहीतच नसतं. तुम्ही तिथे कोऑर्डिनेट आणि तारीख टाकता हे खरं, पण ते फक्त बॅकग्राउंड किती धरायचं एवढ्यासाठी. टार्गेट त्या दिवशी दिसणार का, दुर्बीण कुठल्या कोनात वळलेली असणार, जवळपास गाइड स्टार (दुर्बीण नेम धरून स्थिर राहायला वापरते तो तारा) आहे का, यातलं काहीच तो बघत नाही. वेबच्या सनशील्डमुळे दुर्बिणीला सूर्यापासून 85 ते 135 अंशांच्या पट्ट्यातच बघता येतं, त्यामुळे एक्लिप्टिकजवळचं (सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळचं) टार्गेट वर्षातून दोनदा, दर वेळी साधारण 50 दिवसच हाती लागतं, आणि त्या दिवसांत दुर्बिणीचा रोल अँगल (बघण्याच्या रेषेभोवती ती किती वळलेली आहे तो कोन) तारखेनुसार जवळजवळ ठरलेलाच असतो, इकडे तिकडे जेमतेम पाच अंश. हे सगळं एपीटीचं व्हिजिट प्लॅनर तपासतं (व्हिजिट म्हणजे टार्गेटकडे वळून एका फेरीत केलेलं काम).

वेबच्या निअरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफचं मायक्रोशटर घ्या, म्हणजे हव्या त्या सोर्सचाच प्रकाश आत सोडणाऱ्या बारीक झडपा. चार क्वाड्रंट मिळून जवळपास अडीच लाख शटर, एकेक साधारण 0.20 बाय 0.46 आर्कसेकंदाचं. ईटीसीत तुम्ही सोर्स शटरच्या बरोब्बर मध्ये ठेवता आणि मस्त आकडा येतो. प्रत्यक्षात तुमच्या कॅटलॉगमधल्या शंभर गॅलेक्सी एकाच वेळी आपापल्या शटरच्या मध्यावर बसणं शक्यच नाही, काही दोन शटरमधल्या दांडीमागे जातात, काही कायमच्या बंद पडलेल्या शटरवर येतात, आणि कोण कुठे पडेल हे अँगलवर अवलंबून, अँगल तारखेवर आणि तारीख शेड्यूलवर. म्हणून तर शटरचं शेवटचं डिझाइन अँगल ठरल्यावरच करतात. म्हणजे ईटीसीचा आकडा चूक नाहीये, तो एका सोर्सचा आहे, आणि तुम्ही तो अख्ख्या सर्व्हेचा समजून बसलात.

याहून ठसठशीत उदाहरण 2022 चं. त्या ऑगस्टमध्ये वेबच्या मिरी या इन्फ्रारेड इन्स्ट्रुमेंटच्या मीडियम रिझोल्यूशन स्पेक्ट्रोस्कोपीचं एक ग्रेटिंग व्हील (तरंगलांबीचा पट्टा निवडणारं चाक) फिरवताना घर्षण वाढलेलं आढळलं आणि त्या मोडची ऑब्झर्वेशन्स थांबवली, ती नोव्हेंबरमध्ये परत सुरू झाली, व्हील कसं वापरायचं याच्या नव्या सूचनांसह. मधल्या काळात प्रकाश, डिटेक्टर, नॉइज यातलं काहीही त्या घर्षणाने बदललं नव्हतं. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने मोड ठणठणीत होता आणि दुर्बीण मात्र तो वापरू शकत नव्हती. "ईटीसी हो म्हणतोय" एवढ्यावर अडून बसणाऱ्याला मी हेच दाखवतो.

वेळेचंही तसंच. ईटीसीचा वेळ म्हणजे एक्स्पोजरचा वेळ, तुमच्या खात्यावर पडतो तो एपीटीचा. वेबमध्ये व्हिजिटला नुसतं वळायचे म्हणून 1800 सेकंद धरले जातात, वर गाइड स्टार पकडणं आणि व्हील फिरवणं. त्यामुळे दहा मिनिटांचं एक्स्पोजर मागितलंत तर हिशोब चाळीस मिनिटांच्या वर जातो, आणि तरी लोक ईटीसीचा वेळ बिनधास्त "एकूण वेळ" म्हणून लिहितात. आणखी एक, डिदर, म्हणजे दर एक्स्पोजरला दुर्बीण किंचित सरकवणं. ईटीसीत चार डिदर धरून आलेला आकडा घ्यायचा आणि एपीटीत चार पॉइंटचा पॅटर्न निवडून शिवाय इंटिग्रेशनच्या रकान्यातही चार लिहायचे, झालं, वेळ चौपट.

आता नवीन इन्स्ट्रुमेंटकडे. कॅल्क्युलेटरला लागतं ते थ्रूपुट (किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतो), डिटेक्टरचा नॉइज आणि पीएसएफ (ताऱ्याचा ठिपका चित्रात किती पसरतो), आणि हे बरंचसं लॅबमधल्या मोजमापांवरून भरता येतं, इन्स्ट्रुमेंट दुर्बिणीवर चढायच्या आधीच. शिवाय इंजिन परत वापरता येतं, वेबच्या ईटीसीमागचं पँडेया हे इंजिन नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीसाठीही वापरात आहे. प्लॅनिंग टूलला मात्र कुठले मोड बाहेरच्यांना द्यायचे, टार्गेट अ‍ॅक्विझिशन (टार्गेट नेमकं जागेवर आणणं) कसं करायचं, कुठली कॉम्बिनेशन्स वर्ज्य, किती ओव्हरहेड (एक्स्पोजरशिवाय लागणारा वेळ), हे सगळं ऑपरेशन्सवाल्यांबरोबर ठरवावं लागतं. रोमनच्या कॅमेऱ्यात 18 डिटेक्टर आहेत आणि त्यांच्यामध्ये फटी, त्या फटी कशा भरायच्या हा टायलिंगचा (आकाश तुकड्यातुकड्यांनी झाकायचा) प्रश्न, तो थ्रूपुटच्या आलेखात कुठेच सापडत नाही. म्हणून कॅल्क्युलेटर आधी येतो, टूल मागून येतं, यात कुणाचा आळस नसतो. पण घोषणा करणाऱ्यांनी नुसतं "सॉफ्टवेअर सपोर्ट" लिहू नये, कुठल्या सॉफ्टवेअरचा ते स्पष्ट लिहावं.

माझी पद्धत बहुतेकांच्या उलटी आहे आणि मी ती सगळ्यांना सांगतो. आधी एपीटीत अंदाजे एक्स्पोजर टाकून सांगाडा उभा करा, अलादिन या आकाशाची चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेटवर फील्ड कसं बसतंय ते बघा, व्हिजिट प्लॅनर चालवा, आणि ते हिरवं झालं की मगच ईटीसीत एसएनआर घासत बसा. आणि एपीटीत ईटीसीच्या वर्कबुकचा नंबर लिहायला जागा असते तो जरूर लिहा, पण तो नंबर रिव्ह्यूअरला हिशोब सापडावा म्हणून आहे, त्यामुळे ग्रुप आणि इंटिग्रेशन दोन्हीकडे जुळतायत का हे स्वतः शेजारी शेजारी उघडून बघा, सबमिट करायच्या आदल्या रात्री तर नक्कीच.